मुलींना सूट नको, बीम द्या: नाशिकमधल्या भरतीपूर्व अकादम्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातील सैन्यभरती, पोलीस भरती व एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रवेशपूर्व प्रशिक्षण अकादम्यांचे संचालक आणि प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जाहिरातींत सध्या 'मुलींसाठी स्वतंत्र बॅच' हे शब्द ठळक असतात. स्वतंत्र बॅचला आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्या बॅचमध्ये जे शिकवलं जातं त्याला. ८०० मीटर, १०० मीटर, ४ किलोचा गोळा आणि वेळ उरला तर गुडघे टेकून पुशअप. बीम (चिनअप काढायचा आडवा बार), रस्सा आणि पिठ्ठू (पाठीवरची वजनाची पिशवी) हे सगळं मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, मुलांसाठी. मग हीच मुलगी पुढे अधिकारी प्रशिक्षणात मागे पडली की 'मुलींना झेपत नाही' असं म्हणायला आपण मोकळे.

हे पत्र लिहिणारे आम्ही सैन्यातून निवृत्त झालेले शारीरिक प्रशिक्षक, अ‍ॅथलेटिक्सचे कोच आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. आमच्या लेकी-पुतण्या तुमच्याकडे शिकतात, आणि तुमच्या मैदानावरून नडगी धरून निघालेली मुलगी शेवटी आमच्यापैकीच कोणाकडे तरी येते. आमचा संबंध एवढाच, पण तो रोजचा आहे.

पत्र आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे सध्या चाललेला वाद. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या सेनाधिकाऱ्यांसमोर सांगितलं की लढाऊ कामांसाठी पुरुषांचा सर्वोच्च निकष सगळ्यांना लागू होईल. तेव्हापासून आपल्याकडच्या भरतीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मुलींमुळे दर्जा घसरतो. दुसरा म्हणतो, मुलींना वेगळा निकष हवाच. कुठली चाचणी काय मोजते, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही.

शारीरिक चाचण्या तीन जातींच्या असतात. पहिली निवडीची. अर्ज भरमसाट, जागा थोड्या, म्हणून गुण द्यायचे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीचं ५० गुणांचं मैदान या जातीचं: मुलांना १६०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा, मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा, १०० मीटर दोघांनाही. तिथे मुलींची स्पर्धा मुलींशीच असते, त्यामुळे आकडा वेगळा ठेवण्यात गैर काही नाही. दुसरी जात तब्येतीची. जवान तंदुरुस्त आहे का, एवढंच ती बघते आणि तिचा तक्ता वयानुसार बदलतो. चाळिशीच्या हवालदाराला विशीतल्या शिपायाइतकं धावायला कोणी लावत नाही, आणि म्हणून तो सवलतीवर नोकरी करतो असंही कोणी म्हणत नाही. तिसरी जात कामाची. १५५ मिमी तोफेच्या गोळ्याचं वजन ४३ किलोच्या आसपास असतं. तो कोण उचलणार आहे, हे बघून ते कमी होत नाही. ब्रिटिश लष्करात पायदळासारख्या थेट भिडणाऱ्या कामांसाठी ४० किलो घेऊन ४ किलोमीटर ५० मिनिटांत, लगेच २५ किलो घेऊन २ किलोमीटर १५ मिनिटांत, आणि जखमी सैनिकाच्या जागी ११० किलोचं ओझं २० मीटर ओढणं, असा निकष आहे. स्त्री असो वा पुरुष, आकडा तोच.

आमची भूमिका इथेच स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. तिसऱ्या जातीच्या चाचणीत मुलींसाठी एक किलोसुद्धा कमी करू नये. पण तिथपर्यंत पोहोचायचा रस्ता मुलामुलींना एकच ठेवला तर मुली मोडतात, हे जगभर पाहिलं गेलं आहे. निकष एक आणि तयारी वेगळी, असं हवं. तुमच्याकडे नेमकं उलटं चाललं आहे. रगडा, म्हणजे मैदानावरची कसून मेहनत, सगळ्यांना एकच आणि अपेक्षा मात्र मुलींकडून अर्धी.

आता तक्रारी, मुद्द्याने.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की तुम्ही प्रवेशाच्या चाचणीपुरतंच शिकवता. अग्निवीर जनरल ड्युटीच्या मुलाला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढले तर ६० गुण आणि बीमवर १० वेळा वर गेलं तर ४०. मिलिटरी पोलिसांत जाणाऱ्या मुलीला तेच अंतर साडेसात मिनिटांत, शिवाय १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी. तिच्या चाचणीत बीम नाही, म्हणून तुमच्या मैदानात तिच्यासाठी बीम नाही. पण तुमच्याच छपराखाली एनडीएची तयारी करणाऱ्या मुलीही असतात. एनडीएच्या जाहिरातीत यूपीएससी उमेदवारांना रुजू होण्याआधी काय यायला हवं ते सांगते: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुशअप आणि सिटअप किमान २०, चिनअप किमान ८, आणि ३ ते ४ मीटर रस्सा चढणं. किती अकादम्यांच्या मुलींच्या बॅचमध्ये पहिल्या महिन्यात रस्स्याला हात लागतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार उघडलं आणि ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, खडकवासल्यातून बाहेर पडली. त्या मुलांच्याच स्क्वॉड्रनमध्ये, त्याच मैदानावर घडल्या. ग्रीनहॉर्न, रोव्हर आणि तोरणा या एनडीएतल्या खडतर कॅम्पांचं ओझं तिथे गेल्यावरच कळतं. ते पेलायचा पाया घालण्याचं काम तुमचं होतं आणि आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं, हा रोग एकट्या नाशिकचा नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये वर्षानुवर्षं स्त्रियांची चाचणी म्हणजे हात वाकवून बारला लटकून राहणं. नंतर किमान ३ पुलअपचा नियम करायचं ठरलं, तेव्हा बूट कॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या, शेवटी निम्म्याहून जास्त मुलींना ते तीन निघाले नाहीत आणि २०१४ च्या सुरुवातीला नियम पुढे ढकलावा लागला. 'बघा, बायकांना जमत नाही,' असा निष्कर्ष अनेकांनी लगेच काढला. वास्तविक त्या मुलींनी लटकण्याचा सराव केला होता आणि त्यांना लटकता येत होतं.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकी लष्कराच्या नेटिक इथल्या संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात स्त्रियांना २४ आठवडे, आठवड्यात ५ दिवस, रोज सुमारे दीड तास वजन उचलणं, धावणं आणि ओझं घेऊन चालणं असं मिश्र प्रशिक्षण दिलं. सुरुवातीला त्यांच्यापैकी २४ टक्के जणी 'अतिजड' गटातल्या कामांच्या निकषात बसत होत्या, शेवटी ७८ टक्के. बायका त्याच होत्या, निकषही तोच होता. बदलली ती तयारी. आणि उरलेल्या २२ टक्के बसल्या नाहीत, हेही तितकंच खरं. निकष असतो तो त्यासाठीच.

बीमचं थोडं सविस्तर लिहितो, कारण मुली सगळ्यात जास्त तिथेच सोडल्या जातात. बाईच्या वरच्या अंगाची ताकद सरासरीने पुरुषाच्या निम्म्याहून थोडी जास्त असते आणि पायांची त्याहून बरीच जवळ येते. म्हणून 'रोज बीमला लटक, येईल हळूहळू' हा उपाय मुलाला कधीकधी लागू पडतो, मुलीला पडत नाही. तिला पायऱ्या लागतात. आधी ३० सेकंद सरळ हातांनी लटकणं, म्हणजे पकड तयार होते. मग हात न वाकवता फक्त खांद्याची पाती खाली खेचणं, ८ वेळा, ३ सेट. त्याच सुमाराला कमरेच्या उंचीच्या बारखाली आडवं होऊन छाती बारला लावणं, पाय जमिनीवर. ते १० निघाले की स्टुलावरून हनुवटी बारवर ठेवायची आणि ५ सेकंद मोजत खाली यायचं. असे ५, आणि आठवड्यातून दोनच दिवस. या उतरत्या सरावाने स्नायू जबर दुखतात, म्हणून नव्या मुलीकडून शिक्षा म्हणून ५० उतरवून घेणारा उस्ताद तिला दवाखान्यात पाठवू शकतो. दुसऱ्या दिवशी लघवी गडद तांबूस झाली तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा, स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते. या क्रमाने पहिली पूर्ण चिनअप निघायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. भरतीला दीड महिना उरला असताना प्रवेश घेणाऱ्या मुलीला ती येणार नाही, आणि तसं तिला फी घेण्याआधीच सांगायला हवं.

गुडघे टेकून पुशअप घेणं तर आजपासून बंद करा. त्यात कंबर आणि पोट कमी कामाला लागतात, त्यामुळे नुसते तेच केले तर खऱ्या पुशअपची पुरती तयारी होत नाही. त्याऐवजी हात कट्ट्यावर ठेवा, शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ. १५ निघाले की कट्ट्याऐवजी बाक, मग पायरी, मग जमीन.

रस्सा तर मुळात पायांनी चढायचा असतो. एका पायाच्या बाहेरून येणारा रस्सा दुसऱ्या पायाने खालून उचलून पहिल्या पावलावर दाबायचा, त्या कुलपावर उभं राहायचं आणि हातांनी फक्त पुढची पकड घ्यायची. हे कुलूप जमिनीवर बसून एका सकाळी शिकवता येतं. मुलींचे पाय दणकट असतात, त्यांना रस्सा बीमच्या आधी येतो. तरी त्यांना तो शिकवत नाहीत, याचं कारण आम्हाला आजवर कळलेलं नाही.

दुसरी तक्रार ओझ्याची. कविता राऊत, संजीवनी जाधव, मोनिका आथरे यांच्या जिल्ह्यात मुलींना धावता येतं का, हा प्रश्नच उरलेला नाही. सावरपाड्याच्या कविताने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. पण लांब पल्ल्याचा हलका धावपटू आणि पाठीवर वजन घेऊन चालणारा सैनिक, ही दोन वेगळी शरीरं आहेत. ५० किलोच्या मुलीच्या पाठीवर २० किलो म्हणजे तिच्या वजनाच्या ४० टक्के, ७० किलोच्या मुलाला तेच २९ टक्क्यांच्या आत. काम तेवढंच असल्याने वजन तेवढंच राहणार. म्हणून तिला पायांची आणि पाठीची ताकद आधी वाढवावी लागते, नुसतं पळवून ती येत नाही.

होतं काय, तर पहिल्याच रविवारी बारदानात वाळू भरून मुलींना अंजनेरी नाहीतर पांडवलेणीच्या पायऱ्यांवर नेलं जातं आणि त्याचे रील निघतात. वाळू तळाशी बसते, ओझं कमरेखाली लोंबतं, मुलगी पुढे वाकते. पिठ्ठूला कमरपट्टा नसला की सगळा भार खांद्यांवर येतो आणि हातांना मुंग्या येऊ लागतात. हे सहन करायचं दुखणं नाही, खांद्यातली नस दबल्याचं लक्षण आहे.

बरोबर पद्धत अशी: पहिले चार आठवडे ओझं नाही, फक्त ताकदीचं काम. पाचव्या आठवड्यापासून शरीराच्या वजनाच्या १० टक्के, सपाट मातीवर, चालत, ४ किलोमीटर, आठवड्यातून एकदा. पुढे वजन, अंतर, वेग आणि चढ यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. जड सामान पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला. कमरपट्टा पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर. ओझं घेऊन पळणं शेवटच्या महिन्याआधी नाही, आणि पायऱ्या उतरणं तर अजिबात नाही, कारण उतारावर नडगी आणि गुडघ्यावरचा मार चढापेक्षा जास्त असतो. ताकदीसाठी मोठी जिम लागत नाही. एक दांडा, ६० किलोच्या प्लेट आणि पाण्याचे २० लिटरचे चार कॅन एवढ्यात आठ मुलींची बॅच वर्षभर चालते. आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), वजन डोक्यावर ढकलणं आणि कॅन घेऊन चालणं, ५ ते ८ वेळा, ३ सेट. 'वजन उचललं की मुली जाड होतात' असं पालकांना सांगणारे प्रशिक्षक अजून आहेत. त्यांनी कृपया हा विषय सोडून दुसरं काही शिकवावं.

तिसरी तक्रार हाडांची आहे आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त टोचते. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग खरवडतं आणि नवा नंतर भरतं. मधले काही आठवडे हाड कमजोर असतं. नेमक्या त्या काळात अंतर दुप्पट केलं की नडगीत बारीक चीर जाते. ब्रिटिश लष्कराने १९९८ मध्ये स्त्री-पुरुषांना अगदी एकसारखं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा अतिताणाच्या दुखापतींमुळे घरी पाठवाव्या लागलेल्या मुलींचं प्रमाण ४.६ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेलं. मुलांचं दीड टक्क्याच्या आतच राहिलं. हेतू समानतेचा होता, तो चांगलाच होता. मोडल्या मात्र मुली.

कदमताल हेही एक कारण. ३० इंची पाऊल १५२ सेंटिमीटरच्या मुलीने उंच मुलांच्या रांगेत टाकायचं म्हणजे प्रत्येक पावलाला कंबरेचं हाड ताणलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने मार्चचा वेग कमी केला, प्रत्येकीला स्वतःच्या पावलाने चालू दिलं, आणि कमरेच्या हाडांच्या चिरा झपाट्याने घटल्या. आपल्याला करायचं तर एवढंच, की सरावाच्या मार्चला सगळ्यात ठेंगणी मुलगी पुढे लावायची आणि वेग तिचा ठेवायचा. परेडचं पाऊल परेडपुरतं.

चीर ओळखायची कशी, हे प्रत्येक प्रशिक्षकाला यायलाच हवं. स्नायूचं दुखणं पसरलेलं असतं आणि गरम झाल्यावर कमी होतं. हाडाची चीर बोटाने दाखवता येते, धावताना वाढते, पुढे रात्रीही ठणकते. त्या पायावर एकदा उडी मारायला सांगा, मुलगी कळवळली तर त्या दिवसापासून धावणं बंद. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, नाटक करते' हे वाक्य कोणी उच्चारू नये. जांघेत दुखत असेल तर त्याच दिवशी हाडांचा डॉक्टर, कारण मांडीच्या हाडाची मान तुटली तर ऑपरेशनच करावं लागतं. नडगीची चीर सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरते. दाबून पळवलं तर भरतीचं वर्ष जातं.

याला जोडूनच पाळीचा विषय आहे. तीन महिने पाळी आली नाही तर 'ट्रेनिंग अंगी लागलं' असं मुलींना सांगितलं जातं. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं झिजवतं. ती शाबासकी नाही, इशारा आहे. वजन उतरवण्यासाठी मुलीचं रात्रीचं जेवण बंद करायला लावणं हे प्रशिक्षण नव्हे.

रक्ताचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे तुमच्या बॅचमधली साधारण दर दुसरी मुलगी हिमोग्लोबिन १२ च्या खाली घेऊन स्टॉपवॉचशी झुंजत असण्याची शक्यता आहे. तिचं टायमिंग सुधारत नाही म्हणून तिला जादा राउंड मारायला लावणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आधी रक्त तपासा. लोहाची गोळी डॉक्टरने दिली तर ती चहा-दुधाबरोबर नको, लिंबू-आवळ्याबरोबर घ्यायची, हेही सांगा.

बुटांबद्दल थोडक्यात. घाऊक खरेदीत मुलांचे मोठे नंबर येतात आणि मुली दोन-दोन मोजे घालून पाय बसवतात. टाच आत सरकते, फोड येतात, पाऊल वाकडं पडतं. मुलींचे नंबर वेगळे मागवा. धावण्यासाठी घट्ट स्पोर्ट्स ब्रा लागते, हे प्रवेशाच्या सामानाच्या यादीत सरळ छापा. लाज वाटत असेल तर यादी महिला प्रशिक्षकाकडून लिहून घ्या. महिला प्रशिक्षक नसेल, तर मुलींची बॅच कशाच्या जोरावर काढलीत?

शेवटची तक्रार पारदर्शकतेची. अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूल या अतिशय खडतर प्रशिक्षणात एप्रिल २०१५ मध्ये १९ स्त्रिया पहिल्यांदा उतरल्या. प्रवेशालाच ४९ पुशअप, ५९ सिटअप, ५ मैल ४० मिनिटांत आणि ६ चिनअप, त्याच आठवड्यात ओझं घेऊन १२ मैल तीन तासांत. त्याआधी त्यांना एक पूर्वतयारीचा कोर्स पार करावा लागला होता. ऑगस्टमध्ये दोघी उत्तीर्ण झाल्या, ऑक्टोबरमध्ये तिसरी. त्यांना काही टप्पे पुन्हा करावे लागले, तसे ते कित्येक पुरुषांनाही लागतात. तरीही 'निकष वाकवले' ही कुजबुज लगेच सुरू झाली आणि एका संसद सदस्याने त्यांचे कागद मागितले. अशा संशयाचा त्रास जी खरोखर उत्तीर्ण होते तिलाच होतो. तुमच्या मैदानात मुलींसाठी 'चल, २० धरतो' म्हणत १४ पुशअप मोजले जातात, तेव्हा तुम्ही त्याच संशयाला खतपाणी घालता. मे २०२२ मध्ये आपल्याच नाशिकमधल्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमधून कॅप्टन अभिलाषा बराक यांना वैमानिकाचे विंग्ज मिळाले. त्यांचं उड्डाण कोणी दयेने मोजलं नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या पाच स्त्री अधिकारी तोफखान्यात गेल्या. नियमित सैन्यात पायदळ आणि रणगाड्यांची दलं अजून स्त्रियांना बंद आहेत. ती कधी उघडायची हे दिल्लीत ठरेल, पण उघडतील तेव्हा बीमखाली उभी राहणारी मुलगी तुमच्या मैदानातूनच जाणार आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

पोलीस भरती, अग्निवीर आणि अधिकारी प्रवेश यांचे वेगळे लेखी आठवडी आराखडे करा आणि ते प्रवेशाच्या वेळीच पालकांच्या हातात द्या. अधिकारी प्रवेशाच्या मुलींना पहिल्या आठवड्यापासून बीम आणि रस्सा, दुसऱ्या महिन्यापासून ओझं, वर सांगितलेल्या क्रमाने. सहा महिन्यांहून कमी वेळ असेल तर तसं लिहून द्या.

प्रवेशावेळी हिमोग्लोबिनची तपासणी करा, तीन महिन्यांनी पुन्हा. दुखापत आणि पाळीची नोंद महिला प्रशिक्षकाकडे, गुप्त. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. धावणं, उतरत्या चिनअप आणि बेडूकउड्या शिक्षा म्हणून देणं बंद.

महिन्यातून एकदा जाहीर चाचणी घ्या. मुलं-मुली एकाच वेळी, एकच घड्याळ, पुशअपला छाती खाली जमिनीवर धरलेल्या मुठीला टेकली तरच मोजायची, चिनअपला हात सरळ झाले तरच मोजायची. पालकांना बघायला बोलवा. मुलगी दोनच काढू शकली तर दोनच लिहा.

आणि चौकाचौकांत 'नाशिकच्या वाघिणी' म्हणून फ्लेक्स लावता, त्यावर निवड झालेल्या मुलींच्या फोटोखाली चार आकडेही छापा: किती मुलींनी प्रवेश घेतला, किती मधूनच गेल्या, किती दुखापतीने थांबल्या, किती निवडल्या गेल्या. मुलांचेही तसेच.

जिल्हा क्रीडा प्रशासन आणि महापालिकेला एकच विनंती. सार्वजनिक मैदानांवर एकाच उंचीचा बीम असतो, साडेसात-आठ फुटांचा. त्याच्या शेजारी कमरेच्या आणि छातीच्या उंचीचे दोन बार बसवा, आणि पहाटे पाचला मैदानाच्या चारही कोपऱ्यांत दिवे लागतील असं बघा. राज्य शासनाने मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये नाशकातच सुरू केली. तिथे जागा थोड्या आहेत, बाकीच्या मुलींना हीच मैदानं आहेत.

ज्या अकादमीला २४ आठवड्यांचा आराखडा बसवायचा असेल, तिच्या मैदानावर येऊन तो आखून द्यायला आणि प्रशिक्षकांना चीर ओळखायची तपासणी शिकवायला आम्ही तयार आहोत, विनामूल्य. आमचं काही चुकत असेल तर तेही लिहा. फक्त उत्तर खासगीत नको, जाहीर द्या, आणि सोबत आपल्या मुलींच्या बॅचचा सध्याचा आठवडी आराखडा जोडा.

आपले,
नाशिकमधील काही निवृत्त शारीरिक प्रशिक्षक, अ‍ॅथलेटिक्स कोच आणि फिजिओथेरपिस्ट